नेरूरकर काकांचं भाड्याचं घर

नेरूरकर काका कुणाचंही नवं घर बघायला गेले की आधी बाथरूममध्ये शिरत. बाकीचे हॉल बघत, खिडकीतून काय दिसतं ते बघत, देव कुठे बसवायचे ते ठरवत. काका नळ सोडून त्याखाली हात धरून उभे राहत. पाणी आलं तर ओंजळीत घेऊन वास घेत. नाही आलं तर नळ तसाच उघडा ठेवून बाहेर येत आणि दलालाला विचारत, "हे नळ शोभेचे का?"

मग भिंती. हाताच्या मागच्या बाजूने भिंत चाचपत ते घरभर फिरत. ओल असली की थांबत, पण बोलत काही नसत. घर घेणाऱ्याचा हात धरून तिथे टेकवत. एवढं होईपर्यंत दलालाचा चेहरा पडलेला असे.

वसईत, पापडीच्या थोडं अलीकडे आमची चार मजली इमारत होती. तिसऱ्या मजल्यावर काकांचं दार आमच्या दारासमोर. मागे केळीची वाडी, संध्याकाळी चर्चची घंटा, आणि पुढच्या बाजूला दर महिन्याला एक नवी इमारत, असे ते दिवस होते. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलं होतं आणि नालासोपारा, विरार, नायगाव जिकडेतिकडे शेतात खांब उभे राहत होते. माणसं राहायला घर घेत होती, आणि एक घर झालं की दुसरं भाड्याने द्यायला घेत होती. ते दुसरं घर घेण्याआधी आमच्या भागातली माणसं काकांकडे येत.

काका वालीवच्या एका पंख्यांच्या कारखान्यात हिशेबाच्या खात्यात होते. एक पंखा बनवायला खरोखर किती खर्च येतो हे काढणं हे त्यांचं जन्मभराचं काम. तोच डोळा ते घरांना लावत. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत हिशेब करायचे.

"बारा महिन्यांचं वर्ष पंचांगात," ते सांगत. "भाड्याच्या घराचं वर्ष दहा महिन्यांचं. एक महिना घर रिकामं, एक महिना दलालाचा. बरं, दहा महिन्यांचं भाडं आलं. त्यातून सोसायटीला द्या. भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी जास्तीचं मागेल, तेही द्या. टँकरची वर्गणी द्या. भाडेकरू गेला की रंग काढा, नळ बदला. आता जे हातात उरलं ते एका बाजूला ठेवा. आणि तेवढेच पैसे बँकेत ठेवले असते तर काय व्याज आलं असतं, ते दुसऱ्या बाजूला. कुठली बाजू जड?"

समोरचा म्हणायचा, "पण काका, जागेचे भाव वाढतातच की."

"वाढतात. आणि कधी पडत नाहीत, असं कुणी लिहून दिलंय? द्या लिहून, मी पण घेतो दोन."

आतून काकी ओरडायच्या. काकी मालवणकडच्या, आणि त्यांना अखंड बोलायला लागे. मला बघितलं की म्हणायच्या, "अगो, ह्यांका कित्याक इचारतंस? ह्यांनी लग्नाचो हिशोब आधी घातलो असतो तर माका घरात आणलाच नसता!"

काका नुसते हसत. त्यांच्या घरात बोलण्याचं काम काकींचं आणि ऐकण्याचं काकांचं, अशी वाटणी होती. मूलबाळ नव्हतं. काकी भाजीवालीशी बोलत, कामवालीशी बोलत, कुणी नसलं तर फोडणीशी बोलत. आमच्या घरात बसून त्यांच्या जेवणात आज काय आहे ते कळायचं.

माझ्या नवऱ्यानेही तेव्हा दुसऱ्या घराचा ध्यास घेतला होता. नालासोपाऱ्यात एक खोली-स्वयंपाकघर, ऑफिसातल्या तिघांनी घेतलंय, आपणही घेऊ, भाड्यातून हप्ता फिटेल, असं विलासचं चाललेलं. एका रविवारी आम्ही काकांना घेऊन ती जागा बघायला गेलो.

काकांनी नळ सोडला. नळ कोरडा.

दलाल म्हणाला, "साहेब, योजनेचं पाणी पुढच्या वर्षी येणारच आहे. पाइप बघा ना, पडलेत बाहेर."

"मग भाडेकरूही पुढच्या वर्षीच अंघोळ करेल," काका म्हणाले.

खाली उतरल्यावर ते लगेच निघाले नाहीत. शेजारी वर्षभरापूर्वी पूर्ण विकली गेलेली त्याच बिल्डरची दुसरी इमारत होती. तिच्यासमोर मान वर करून ते बराच वेळ उभे राहिले. विलास घड्याळ बघायला लागला.

"विलासराव, दोऱ्या बघा."

"कसल्या दोऱ्या?"

"कपड्यांच्या. रविवारची सकाळ आहे. ज्या घरात माणूस आहे त्या घराच्या दोरीवर आज कपडे असणार. बघा किती घरांच्या दोऱ्या मोकळ्या आहेत."

निम्म्याहून जास्त खिडक्यांबाहेर काही नव्हतं. सगळ्यांनी भाड्याने द्यायला घेतलेली घरं, आणि भाड्याने राहणारं कुणी नाही. विलासने ते घर घेतलं नाही. वर्षभर तो काकांवर घुश्शात होता. पुढे त्या बाजूचे भाव उतरले, ऑफिसातल्या तिघांची तोंडं उतरली, तेव्हा तो पेढे घेऊन समोरच्या दारात गेला. काकांनी पेढा घेतला, पण म्हणाले, "चुकलो असतो तर तुम्ही आला असतात का? मग खरं ठरलं म्हणून तरी कशाला यायचं?" असं खडूस बोलून वर त्यांनी अर्धा पेढा काकींसाठी ठेवला.

काका निवृत्त झाले आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी काकी गेल्या. आजारपण म्हणावं असं काही झालं नाही. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, आणि संपलं. दिवसकार्य झालं, नेरूरचे नातेवाईक परत गेले, आणि समोरच्या घरातून आवाज येणं बंद झालं.

मी डबा द्यायला जाई तेव्हा काका दारातच उभे असत. डबा घेत, धुतलेला कालचा डबा परत देत. "बसा ना काका आमच्याकडे येऊन," म्हटलं तर "येतो, येतो" म्हणत. येत नसत. एकदा फक्त, डबा हातात घेता घेता म्हणाले, "साधना, कुकरच्या शिट्ट्या तुमच्याकडे तीन होतात की चार?"

"तीन. का हो?"

"मला दोनच ऐकू येतात. पहिली कुठे जाते कोण जाणे."



काकांच्या घराला लागून जे घर होतं, त्याचा मालक भांडुपला राहायचा. त्यानेही ते भाव चढलेले असताना गुंतवणूक म्हणून घेतलेलं. भाडेकरू येत-जात, मधल्या काळात कुलूप. आता तो कंटाळून विकायला निघाला होता. आणि एक दिवस सोसायटीच्या सेक्रेटरीने जिन्यात बातमी दिली, की ते घर नेरूरकरांनी घेतलं. भाड्याने द्यायला.

विलास थेट समोर गेला. मीही मागोमाग गेले.

"काका, हे काय? आम्हाला दहा महिन्यांचं वर्ष शिकवलंत!"

"दहाच महिन्यांचं आहे अजून."

"आणि बँकेतलं व्याज?"

"गेलं."

"मग बसतं कुठे हे हिशेबात?"

"बसत नाही," काका म्हणाले. "मला माहीत आहे."

आणि त्यांनी विषय बदलला. कारखान्यातून मिळालेली सगळी पुंजी त्यांनी त्यात घातली होती. लोक म्हणाले, बायको गेल्यावर माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. सल्ला विचारायला येणारे कमी झाले.

भाडेकरू निवडायच्या वेळी मी तिथे होते, कारण बायकांना घर दाखवताना काकांना संकोच वाटे आणि ते मला हाक मारत. दलालाने पहिल्यांदा एक निवृत्त जोडपं आणलं. दोघंच, पगाराएवढी पेन्शन, आवाज नाही, गडबड नाही. दलाल म्हणाला, "घरात माणूस आहे हे कळणार पण नाही तुम्हाला." काकांनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं.

मग नंदा भोईर आली. नवरा प्रकाश वालीवला एका वर्कशॉपमध्ये, बरोबर म्हातारा सासरा. नंदा दारातच थबकली होती.

"काका, आधीच सांगते," ती म्हणाली. "मी ब्लाउज शिवते. मशीन दिवसभर चालते. आधीची खोली त्याच्यावरनंच सोडायला लागली. आणि बाबांना ऐकू येत नाही, तर आम्ही सगळे ओरडूनच बोलतो. भांडण नसतं, पण लोकांना वाटतं भांडतोय."

दलालाने कपाळावर हात मारला.

काकांनी विचारलं, "मशीन पायाची की मोटारची?"

"पायाची."

"ही भिंत चांगली आहे मशीनला," काका म्हणाले आणि आतल्या खोलीची एक भिंत दाखवली. "उजेड येतो खिडकीचा."

उजेड समोरच्या भिंतीलाही तेवढाच येत होता. मला तेव्हा काही कळलं नाही. पुढे कधीतरी मी काकांच्या घरात गेले, तेव्हा त्यांची आरामखुर्ची खिडकीपासून हलवलेली दिसली. ती त्याच भिंतीला, अलीकडच्या बाजूने, लावलेली होती. पलीकडे मशीन चालू होतं. काका डोळे मिटून बसले होते, पण झोपलेले नव्हते. मशीन थांबलं की त्यांच्या पापण्या हलत. सुरू झालं की पुन्हा स्थिर.

भोईर कुटुंब राहायला आलं आणि आमचा मजला बदलला. नंदाकडे बायका येत, मापं देत, गळा मोठा झाला म्हणून तक्रार करत. बाबा भोईर सगळं आयुष्य मिठागरात घालवलेले. उन्हाने काळवंडलेले, उंच, आणि ठार बहिरे. ते सकाळी दाराबाहेर गॅलरीत स्टूल टाकून बसत. काकांनीही एक खुर्ची तिथे आणली. दोघांचं संभाषण ऐकण्यासारखं असे.

काका सांगत, "गेल्या सालापेक्षा व्याज उतरलंय बँकेचं. आता पुन्हा लोक जागेकडे वळतील."

बाबा म्हणत, "पानी आला नाय अजून. टँकरवाला कोन आहे, नवा दिसतोय."

"मी म्हणत होतो तेच. घर राहायला घ्यावं."

"मिठाला पन पानीच लागतं. आनि मग तेच पानी घालवायला ऊन लागतं. दोन महिने नुसता बघत बसायचा."

काका मान डोलावत. बाबाही डोलावत. आयुष्यभर ऐकण्याचं काम केलेला हा माणूस आता बोलत होता, आणि ज्याला ऐकू येत नाही अशा माणसाशी. दोघंही खूश होते. बाबांना कुणी एवढा वेळ तोंडाकडे बघत बसलेलं आवडायचं.

अकरा महिन्यांचा करार संपला. काका पूर्वी सगळ्यांना सांगत, अकरा महिने झाले की भाडेकरू बदला, माणूस चांगला असला तरी बदला. आता त्यांनी करार पुन्हा केला. पुढच्या वेळीही केला. भाडं वाढवलं नाही. सेक्रेटरीने सोसायटीच्या सभेत टोमणा मारला, "नेरूरकर, तुमचीच शिकवण आहे, डोक्यावर बसतील हां." काका म्हणाले, "बसू देत. डोकं मोकळंच आहे." सगळे हसले. मी काकांकडे बघत होते. ते हसले नव्हते.

अशी काही वर्षं गेली. मग कर्जं स्वस्त झाली. पूर्वी बँकेच्या दारात उभं करत नसत त्या माणसांना आता बँका बोलवायला लागल्या. जागेचे पडलेले भाव अजून चढले नव्हते. एका संध्याकाळी प्रकाश आणि नंदा काकांकडे आले. मी भाजी निवडत त्यांच्या दारात बसले होते.

प्रकाश म्हणाला, "काका, वसई पूर्वेला एक बिल्डिंग बघितलीय. वर्कशॉपला जवळ पडेल. घ्यावं का नाही, तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर नको."

"बघून सांगतो," काका म्हणाले.

रविवारी आम्ही गेलो. नंदाने मला ओढूनच नेलं. काकांना घरं बघताना मी अनेकदा पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्यांनी जी तपासणी केली तशी कधी पाहिली नव्हती. नळ सोडले, बंद केले, पुन्हा सोडले. प्रत्येक भिंत वरपासून खालपर्यंत चाचपली. गच्चीवर गेले, टाकीत डोकावले. खाली येऊन वॉचमनला विचारलं, टँकर किती येतात. राहणाऱ्या दोन बायकांना विचारलं. सगळ्या खिडक्यांबाहेर कपडे वाळत होते. मग ऑफिसात बसून कागद वाचले, सात-बारापासून नगरपरिषदेच्या परवानगीपर्यंत. बिल्डरचा माणूस जांभया द्यायला लागला. काका पहिल्या पानाकडे परत जात आणि पुन्हा वाचत.

त्यांना खोट सापडत नव्हती. ती ते किती शोधत होते, हे मला दिसत होतं.

परतताना रिक्षात प्रकाश शेवटी म्हणाला, "काका, काहीतरी बोला. नको का?"

"घरी चला. बसून सांगतो."

घरी आल्यावर काकांनी पाणी घेतलं. पेरांवर अंगठा फिरवला, एकदा नाही, दोनदा. मग म्हणाले, "आज तू जे भाडं मला देतोस आणि जो हप्ता बसेल, त्यात फार फरक नाही. पाच वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर नको म्हणालो असतो. आता व्याज खाली आहे, भावही खाली आहे. पाणी आहे, कागद स्वच्छ आहेत. राहायला घेतोयस. घे."

प्रकाशचा चेहरा फुलला. नंदाचा फुलला नाही. ती काकांच्या आरामखुर्चीकडे बघत होती. तिने किती वर्षं ती खुर्ची तिथे पाहिली होती कोण जाणे, पण तिला माहीत होतं.

"काका," ती म्हणाली, "आम्ही नाही घेतलं तर? इथंच राहिलो तर? भाडं वाढवा हवं तर. इथं काय वाईट आहे?"

प्रकाश तिच्याकडे बघायला लागला. काकांनी एवढंच म्हणायची गरज होती, की बघा, विचार करा, घाई नाही. तेवढ्याने झालं असतं. नंदाने तर दार उघडूनच धरलं होतं.

"राहिलात तर माझा फायदा आहे," काका म्हणाले. "तुमचा नाही. तुम्ही मला तुमचा हिशेब विचारलात ना? तुमचा सांगितला."

आणि उठून आत गेले. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला. तो बराच वेळ चालू राहिला. पाण्याच्या बाबतीत इतका काटकसरी माणूस, पण त्या दिवशी त्यांना कुणी हाक मारली नाही.

दसऱ्याच्या आसपास भोईर गेले. टेम्पोत आधी मशीन चढलं. बाबांना सगळं समजावलं होतं, पण किती समजलं होतं देव जाणे. खाली उतरताना ते काकांना मोठ्याने म्हणाले, "येतो उद्या." काकांनीही तेवढ्याच मोठ्याने सांगितलं, "या, या." टेम्पो कोपऱ्यावरून वळला तरी ते गॅलरीत उभे होते. मग बाबांचं राहून गेलेलं स्टूल त्यांनी आत नेलं.

घर महिनाभर रिकामं राहिलं. पुढे दलालाने दोन नर्स आणल्या. केरळच्या मुली, मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात कामाला. बहुतेक रात्रपाळी. दिवसा झोपत. बोलत तर इतक्या हळू की शेजारी उभं राहूनही ऐकू येऊ नये. भाडं चालू भावाने, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला, न मागता. नाताळला त्या काकांना केक देऊन गेल्या. सालस मुली होत्या, नाव ठेवायला जागा नाही.

एकदा मी सहज विचारलं, "काका, कशा आहेत नव्या?"

"छान आहेत. पहिल्यांदा हे घर हिशेबात बसायला लागलंय," काका म्हणाले.

ते हे अगदी हळू बोलले. मुली झोपल्या असतील म्हणून. दिवसा ते आता स्वतःच्या घरात चपला न घालता फिरत, कपाट बेताने लावत, भांडं पडू नये म्हणून ओट्यावर फडकं पसरून त्यावर ठेवत. आमच्याकडे कुकर लागला की मी उगीचच आमचं दार उघडं टाकत असे.

पुढे विलासची बदली झाली आणि आम्ही पुण्याला जायचं ठरवलं. सामानाच्या खोक्यांसाठी मी वसई स्टेशनच्या पूर्वेला गेले होते, तेव्हा शेअर रिक्षांच्या रांगेपाशी काका दिसले. इस्त्रीचा शर्ट, तेल लावून बसवलेले केस, हातात केळ्यांचा फणा. मला बघून जरा ओशाळले.

"बाबांकडे चाललोय," म्हणाले. "बोलावतात ती मुलं सारखी. नंदाचा फोन असतो."

"छान की. जाता ना दर रविवारी?"

"दर रविवारी बरं दिसत नाही. एक आड एक." मग थोडं घुटमळून त्यांनी विचारलं, "साधना, एक सांग मला. पाहुणा म्हणून गेल्यावर माणसानं किती वेळ बसावं? म्हणजे, किती वेळ बसलं तर बरं दिसतं?"

ज्या माणसाला गावाने इतकी वर्षं प्रश्न विचारले, तो मला विचारत होता, आणि उत्तराची खरोखर वाट बघत होता.

"जेवूनच निघा काका," मी म्हटलं. "तुम्ही कसले पाहुणे?"

"जेवायच्या वेळी गेलं की जेवायला आल्यासारखं वाटतं. म्हणून मी चारला जातो. चहा होतो. मग तिचं काम असतं, गिऱ्हाइकं असतात. मशीन लावते ती. मी बाबांपाशी बसतो. सहापर्यंत चालतं, नाही?"

"चालतं की. सातपर्यंतसुद्धा चालतं."

"सात," काकांनी मान हलवली. "बघतो."

रिक्षा पुढे आली. वालीवची. मागच्या सीटवर अजून कुणी नव्हतं, दोन्ही कडेच्या जागा मोकळ्या होत्या, वारा लागणाऱ्या. काका आत शिरले आणि सरकत सरकत बरोबर मधे जाऊन बसले. केळी मांडीवर घेतली. ड्रायव्हर बाहेर उभा राहून वालीव, वालीव ओरडत होता. एका बाजूने पिशवीवाली बाई चढली, दुसऱ्या बाजूने कामगार पोरगा. दोघांनी त्यांना दोन्हीकडून दाबलं. काकांनी खांदे आवळून घेतले नाहीत. ते तसेच, दोघांच्या मधे, आरामात टेकून बसले, आणि रिक्षा निघाली.